पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘सर्व्हायकल लेंथ’ का मोजतात?

अंधेरी असो की मुलुंड, पाचव्या महिन्यात करायचा अॅनॉमली स्कॅन आता बहुतेक घरांना माहीत आहे. बाळाचे हृदय, मेंदू, मणका ठीक आहे असे कळले की घरचे निश्चिंत होतात. रिपोर्टमधल्या ‘सर्व्हायकल लेंथ’ या ओळीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. बाळ दिवस भरण्याआधी, म्हणजे ३७ आठवड्यांपूर्वी, जन्मण्याचा धोका किती याचा अंदाज याच आकड्यावरून येतो.

सर्व्हिक्स म्हणजे गर्भपिशवीचे तोंड. ते लांब आणि घट्ट मिटलेले राहायला हवे. काही जणींमध्ये ते कळा न येताच आखूड होऊ लागते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. १८ ते २४ आठवड्यांदरम्यान ही लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर डॉक्टर सावध होतात.

नेमके माप हवे तर योनीमार्गातून सोनोग्राफी करावी लागते, तीही लघवी करून आल्यावर. मूत्राशय भरलेले असले की त्याच्या दाबाने हे तोंड आहे त्यापेक्षा लांब दिसू शकते. या तपासणीने गर्भपात होईल ही भीती निराधार आहे.

लांबी कमी आली तर? पोटात एकच बाळ असेल तर योनीमार्गात ठेवायचे प्रोजेस्टेरॉन देतात. त्याने धोका कमी होतो. आधीचे बाळंतपण मुदतीपूर्वी झाले असेल तर टाका घालण्याचाही विचार होतो. हा टाका मुंबईचाच! मूळचे गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये ही शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. ‘शिरोडकर स्टिच’ हे नाव आजही जगभर चालते. तेव्हा गर्भारपणात सोनोग्राफी नव्हती. आधीचे गर्भपात आणि हाताने केलेली तपासणी, एवढ्यावर निर्णय घ्यावा लागे. नुसते अंथरुणावर पडून राहण्याचा मात्र फायदा सिद्ध झालेला नाही.

हा अंदाजच आहे. तोंड आखूड असूनही अनेकींचे दिवस भरतात आणि माप चांगले असूनही काहींची प्रसूती लवकर होते. त्यामुळे पोट वारंवार घट्ट होणे, पाणी किंवा रक्त जाणे, असे काही दिसले तर रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून घरी थांबू नये.

माप कमी आलेल्या कुटुंबाने, नाव नोंदवले आहे तिथे एनआयसीयू आहे का, हे लगेच विचारावे. बोरिवली किंवा घाटकोपरच्या छोट्या नर्सिंग होममध्ये तो असेलच असे नाही. अपुऱ्या दिवसांचे बाळ जन्मल्यावर हायवेच्या ट्रॅफिकमधून हलवण्यापेक्षा, ते पोटात असतानाच आईला योग्य रुग्णालयात नेणे जास्त सुरक्षित असते.