गाडीच्या भात्याला विजेची मोटर

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. भात्याने वारा घातला की निखारे कसे लालभडक होतात! मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. आत हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. इंजिनात हवा कोंबणाऱ्या भात्याला टर्बो म्हणतात. माझा मामा तालुक्याच्या गॅरेजात आहे. त्याने मला ट्रकचा जुना टर्बो उघडून दाखवला. एक दांडी आणि तिच्या दोन टोकांना दोन पंखे, बस्स एवढेच. एक पंखा इंजिनाच्या धुराने फिरतो, त्याच्याबरोबर दुसरा फिरतो आणि हवा आत ढकलतो. फुकट जाणारा धूर कामाला लावला!

पण ह्यात एक खोट आहे. ड्रायव्हरने पाय दाबला तरी सुरुवातीला धूर थोडाच असतो. पंखा हळू फिरतो. गाडी जरा थबकते आणि मग पळते.

जर्मनीत अफाल्टरबाख नावाचे गाव आहे. तिथली एएमजी कंपनी मर्सिडीजच्या वेगवान गाड्या तयार करते. तिने २०२२ साली नवी सी ४३ गाडी आणली. जुन्या सी ४३ ला ६ सिलिंडरचे ३ लिटरचे इंजिन होते. नवीला ४ सिलिंडर आणि २ लिटर. मग ताकद कमी व्हायला पाहिजे ना? पण ३९० ची ४०८ अश्वशक्ती झाली! आमच्या विहिरीवरची मोटर ५ ची आहे. म्हणजे तसल्या ८० च्या वर मोटरी एका गाडीत.

ही करामत टर्बोत आहे. दोन पंख्यांच्या मधल्या दांडीवरच त्यांनी विजेची मोटर बसवली. जाडी फक्त ४ सेंटिमीटर. धुराची वाट न बघता ती पंखा गरगरा फिरवते, मिनिटाला १,७५,००० फेऱ्यांपर्यंत. मी भागाकार करून पाहिला, सेकंदाला २,९०० च्या वर येतात. फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाड्यांत टर्बोवर अशी मोटर २०१४ साली आली होती.

ह्या मोटरीची वीज ४८ व्होल्टची असते. साध्या गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे ही चौपट झाली. शिवाय इंजिनाला पट्ट्याने जोडलेले आणखी एक यंत्र आहे. तेच गाडी चालू करते. वेग कमी करताना तेच सायकलच्या डायनामोसारखी वीज तयार करते. आणि जोर लागला की थोडा वेळ इंजिनाला १४ अश्वशक्तीची मदतही करते. एकट्याने तीन कामे, बरं का!

गाडी थांबलेली असताना निघाली की ४.६ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेते. भारतात ती २०२३ साली आली तेव्हा किंमत ९८ लाख रुपये होती. मामा म्हणतो, मला सहा सिलिंडरचाच आवाज आवडतो. मला मात्र ती छोटी मोटर आवडली.

आमच्या वर्गातली काही मुलं म्हणतात की ही बॅटरीवर चालणारी गाडी आहे. तसं नाही. हिला माइल्ड हायब्रिड म्हणतात. माइल्ड म्हणजे सौम्य. वीज नुसता हातभार लावते, ओढायचे काम इंजिनाचेच. धूरही निघतोच. पेट्रोल संपले की ही महागडी गाडी रस्त्यातच उभी राहणार.