घरघरीचा मागोवा

ॲम्प्लिफायर जोडला, लाल दिवा लागला, गाणं वाजलं. गाणं संपलं तरी मागची घरघर काही थांबेना. मालवण पट्ट्यात हातानं सेट बांधणाऱ्या प्रत्येक पिढीनं हे ऐकलं आहे. दशावताराला, जत्रेला तयार सेट भाड्यानं यायचा. वाडीतल्या भजनाला आणि घरच्या टेपला मात्र घरीच बांधलेला चाले. त्याचं सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून यायचं.

ट्रान्झिस्टरच्या काळात, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत, दोष बहुतेक पॉवर सप्लायचा असे. आपली वीज ५० हर्ट्झची. चार डायोडच्या ब्रिजनंतर तिचे हेलकावे १०० हर्ट्झचे होतात आणि फिल्टरचा कपॅसिटर ते भरून काढतो. कपॅसिटर कमी क्षमतेचा असला किंवा उष्णतेनं आतून सुकला, की स्पीकर गुरगुरतो. पहिल्या टप्प्यात बीसी १४८ ऐवजी कमी नॉइजचा बीसी १४९ घातला तर मागची ‘शूऽऽ’ घटे, गुरगुर मात्र तशीच राही. कारण दोन्हींचं मूळ वेगळं.

मग टीबीए ८१०, एलए ४४४०, टीडीए २०३० असे आयसी आले. सुटे भाग कमी झाले, तसा दोष ग्राउंडच्या वायरिंगमध्ये शिरला. स्पीकरचा जड करंट आणि इनपुटचा नाजूक सिग्नल एकाच तारेनं परतला की हमिंग ठरलेलंच. उपाय म्हणजे सगळी ग्राउंडं वेगवेगळ्या तारांनी आणून फिल्टर कपॅसिटरच्या ग्राउंडच्या टोकाशी जुळवायची. ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून लांब ठेवायचा, जमल्यास नव्वद अंशांत वळवून बघायचा. टेपच्या हेडला तर त्याचं चुंबकीय क्षेत्र लगेच पकडता येई.

यात किनाऱ्यानं स्वतःची भर घातली. खारी हवा तांब्याच्या तारेवर हिरवा थर चढवते, व्हॉल्यूमचा पॉट खरखरू लागतो. ॲल्युमिनियमच्या डब्यावर रिव्हेट मारलेल्या पितळी टॅगखाली ओल्या हवेत ॲल्युमिनियम गंजतं. टॅग वरून घट्ट दिसतो, पण ग्राउंड सुटलेलं असतं. कातळावरच्या घरात उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग दुबळं होतं. पुळणीत ओल मिळते, पण खारेपणा पाइपच खाऊन टाकतो. लाइनच्या टोकाच्या घरात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. अशा वेळी ७८१२ रेग्युलेटरला आत किमान चौदाएक व्होल्ट मिळाले नाहीत, तर १०० हर्ट्झची गुरगुर थेट पुढे जाते. दुपारी ठीक आणि तिन्हीसांजेला बिघडलेला सेट भुताटकीचा नव्हे, व्होल्टेजचा असतो.

मोबाइल आले आणि फोन वाजण्याआधीच स्पीकरमधून ‘टिर्र टिर्र’ येऊ लागली. जुन्या जीएसएम फोनचा रेडिओ सेकंदाला सुमारे २१७ वेळा धडधडतो, तीच ही टिरटिर. इनपुटपाशी ग्राउंडला जोडलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर आणि शील्डेड वायर तिला आवरत. फोर-जी आल्यावर ती बरीचशी विरली. कॉम्प्युटर जोडणाऱ्यांना दोन प्लगच्या दोन अर्थिंगमधून तयार होणारा ग्राउंड लूप भेटला. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर लावली की तो बहुधा शमतो.

आता ऑनलाइन मागवलेली क्लास-डी बोर्डं, ब्लूटूथ मॉड्यूल आणि एसएमपीएस. गुरगुर गेली, बारीक ‘कुईं’ आली. ब्लूटूथ आणि ॲम्प्लिफायर एकाच सप्लायवर असले, की मॉड्यूलचा डिजिटल करंट ऑडिओच्याच ग्राउंडमधून वाहतो. मॉड्यूलला वेगळा सप्लाय किंवा आयसोलेटेड कन्व्हर्टर दिला की ती थांबते.

पाच दशकांत भाग बदलले, शोधायची रीत मात्र टिकली. आधी आवाज स्पीकरचा की ट्रान्सफॉर्मरच्या ढिल्या पत्र्यांचा, ते कान लावून ठरवा. व्हॉल्यूम शून्यावर न्या: घरघर गेली तर दोष पॉटच्या आधी, राहिली तर पुढे किंवा सप्लायमध्ये. मग इनपुटची वायर काढून सेटच्या इनपुटची दोन टोकं शॉर्ट करा. आवाज थांबला तर वायर किंवा बाहेरचं यंत्र तपासा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं बरं झालं ते कळतच नाही.

आणि एक उपाय कधीच करू नका. अर्थची पिन काढली की हम जातं, हे खरं आहे. म्हणूनच तो मोह अनेकांना होतो. पण पावसाळ्यात ओल्या लादीवर उभं राहून माइक धरणाऱ्या गायकाला वाचवणारी तीच पिन असते. हम घालवायचं तर, सिग्नलच्या वायरमध्ये शील्डखेरीज दोन तारा असतील तेव्हा शील्ड एका टोकाला सोडा, नाहीतर मध्ये ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थिंगला हात लावू नका.