ताण आला की हात का थरथरतो

पूर्ण स्थिर हात कुणाचाच नसतो. हात समोर धरून पसरलेल्या बोटांवर वहीचं एक पान ठेवा. पानाची कड हलताना दिसेल. हा कंप प्रत्येकात असतो, सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा, आणि एरवी तो नजरेला जाणवत नाही.

स्नायू दिसतो तसा सलग ओढत नाही. त्याच्या तंतूंचे छोटे छोटे गट आळीपाळीने आखडतात आणि त्यांचे धक्के एकमेकांत मिसळून ओढ सरळ वाटते. स्नायू दमला की बरेच गट एकाच वेळी आखडू लागतात, धक्के मोठे होतात आणि थरथर दिसू लागते. ताणाचा मार्ग वेगळा. रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं आणि स्नायूंवरच्या बीटा-2 ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) काम करतं. मग प्रत्येक आखडणं लवकर आटोपतं, दोन धक्क्यांमधली फट पुरती भरत नाही. दम्याच्या साल्ब्युटामॉलच्या पंपानंतर हात कापतो तो याच ग्राहींमुळे. प्रोप्रॅनोलॉल हे औषध हेच ग्राही अडवतं, म्हणून कंप कमी करतं. आणि म्हणूनच दमा असलेल्याला ते सहसा देत नाहीत.

आता अडचणीचा भाग. थायरॉइड, साखर, क्षार, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. हात मात्र परीक्षेच्या हॉलमध्ये, जागरणानंतर, बँकेत सही करताना कापतोच. घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नकोस.’ कधी डॉक्टरही तेच म्हणतात. या सल्ल्याने फार नुकसान होतं असं मला वाटतं, कारण ताणाने वाढत नाही असा कंप जवळपास नाहीच. पार्किन्सन्समध्ये मांडीवर विसावलेल्या हाताचा कंप नीट दिसावा म्हणून डॉक्टर मुद्दाम शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. मेंदूवर भार आला की तो उठून दिसतो. तेव्हा ‘ताणाने वाढतो’ एवढ्यावरून तो मनाचा ठरत नाही, आणि कोणत्या जातीचा तेही कळत नाही.

ते कळतं हात कधी कापतो यावरून. विसावलेला असताना? समोर धरल्यावर? की पेला तोंडाशी नेताना? म्हणूनच कागदावर गोल गोल चकली काढायला लावतात, पाणी ओतायला लावतात. हात समोर धरल्यावर किंवा काम करताना दोन्ही हातांना कंप, बरीच वर्षं, घरात आणखी कुणाला, असं असेल तर इसेन्शियल ट्रेमरचा विचार होतो. मनगटाला वजन बांधूनही पाहतात. कंप हाताच्या लवचिकतेतून येत असेल तर वजनाने त्याचा वेग मंदावतो. मेंदूतून लय येत असेल तर वेग तसाच राहतो. दुसऱ्या हाताने ठरावीक तालावर टिचक्या मारताना कंपही तोच ताल धरू लागला, तर तो फंक्शनल, म्हणजे मज्जासंस्थेच्या रचनेतल्या नव्हे तर कामातल्या बिघाडाचा, असू शकतो. हे सोंग नव्हे. तो खरा आजार आहे आणि योग्य फिजिओथेरपीने अनेकांना बरं वाटतं. चाळिशीच्या आत असाल तर शरीरात तांबं साठवणाऱ्या विल्सन आजारासाठी तांब्याच्या तपासण्या करून घ्याव्यात. उपचार हाताशी असलेला हा आजार निसटता कामा नये.

कंपाच्या 2018च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दोन स्वतंत्र बाजू आहेत: काय दिसतं आणि कारण काय. दुसरी रिकामी असली तरी पहिली नीट लिहिता येते. निदान लांबलं असेल तर तीच आपण भरायची. वाईट दिवशी मोबाइलवर व्हिडिओ घ्या, कारण ओपीडीत हात कधी नेमका शांत बसतो. झोप किती झाली, पोट रिकामं होतं का, चहा किती, पंपासकट कुठली औषधं चालू होती, हे शेजारी टिपा. व्हॅल्प्रोएट, लिथियम आणि नैराश्यावरची काही औषधंही कंप आणतात. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

तोवर कोपर टेबलावर टेकवून लिहा. पेन जाड घ्या, कप अर्धाच भरा. चारचौघांत आधीच सांगून टाका, ‘माझा हात कापतो.’ लपवण्याच्या धडपडीतही अ‍ॅड्रिनॅलिन वाढतंच. आणि कंप अचानक सुरू झाला, सोबत एका बाजूला अशक्तपणा आला किंवा बोलणं अडखळू लागलं, तर टिपणं बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठा.