पीक नियोजन आणि मुलांची सुट्टी

कोकणातील अनेक शेतकरी कुटुंबे आज दोन ठिकाणी विभागलेली आहेत. जमीन आणि आजी-आजोबा संगमेश्वर, गुहागर किंवा महाडकडे, तर मुलगा, सून व नातवंडे अंधेरी, बोरिवली, मुलुंड नाहीतर घाटकोपरला. सातबाऱ्यावर नाव बापलेकांचे, पण पेरणी एकाने करायची आणि कापणीला रजा काढून दुसऱ्याने धावायचे, अशी ही शेती चालते. या धावपळीत बियाणे, खते, मजूर यांचा हिशेब आपण ठेवतो. मुलांच्या वाट्याला किती दिवस आले याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

बोरिवलीहून फोर्टात नोकरीला जाणाऱ्या गृहस्थाचे दिवसाचे तीन तास सहज प्रवासात जातात. तो घरी येतो तेव्हा मुले जेवून पेंगत असतात. रविवार बाजारहाट, लग्नकार्ये आणि झोप यांत संपतो. म्हणून मुलांशी निवांत बोलणे होते ते सुट्टीत, आणि सुट्टी म्हणजे गाव. येथेच खरी अडचण आहे. राज्य मंडळाच्या शाळांना मोठी सुट्टी मे महिन्यात, म्हणजे हापूसची तोड ऐन भरात असताना. दुसरी सुट्टी दिवाळीची, म्हणजे भातकापणीच्या तोंडावर. मुले गावी येतात आणि आईवडील खळ्यावर किंवा बागेत असतात. गणपतीत लावणी उरकलेली व बेणणीही बहुधा आटोपलेली असते, पण तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले असते.

सुट्टीच्या तारखा बदलणे आपल्या हाती नाही. पीक केव्हा तयार व्हावे हे मात्र बरेचसे आपल्या हाती आहे.

भाताचेच उदाहरण घेऊ. रोपवाटिकेत पेरणी १० जूनच्या सुमारास झाली असे धरा. कर्जत-१८४, कर्जत-३ यांसारखे हळवे वाण साधारण १०५ ते ११५ दिवसांत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कापणीला येतात. १३० दिवसांचा निमगरवा वाण १८ ऑक्टोबरच्या आसपास, तर सुवर्णासारखा १४० ते १४५ दिवसांचा गरवा वाण ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या आरंभी तयार होतो. आता दिवाळी पाहा. लक्ष्मीपूजन २०२४ साली १ नोव्हेंबरला होते, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. म्हणजे २०२४ मध्ये गरव्या भाताची कापणी नेमकी दिवाळीत आली आणि २०२५ मध्ये निमगरव्याची. पंचांगातील अधिक महिन्यामुळे दिवाळी अशी पुढेमागे सरकते. भाताचे दिवस मात्र फारसे सरकत नाहीत. तेव्हा मे महिन्यात बियाणे घेण्यापूर्वी भिंतीवरील दिनदर्शिकेचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पान उलटून पाहावे. हे काम पाच मिनिटांचे आहे. मुले सीबीएसईच्या शाळेत असतील तर सुट्ट्या वेगळ्या असतात. शाळेचे वेळापत्रक सुनेकडून मागवून घ्यावे.

याचा अर्थ सगळीच खाचरे हळव्या भाताखाली आणावीत असा नाही. कोकणातून मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. त्याआधी तयार झालेले हळवे भात परतीच्या पावसात सापडले तर लोळते, कधी लोंबीतच दाणे उगवतात. शिवाय सखल, ओल धरून ठेवणाऱ्या खाचरात गरवा वाणच अधिक उत्पन्न देतो. म्हणून उंचावरच्या व हलक्या जमिनीत हळवे आणि सखल खाचरात गरवे हा जुना शिरस्ता मोडू नये. बदल करायचा तो मधल्या जमिनीत. तेथे निमगरवा लावायचा की हळवा, हे त्या वर्षीची दिवाळी पाहून ठरवावे. यात दोन-चार मण भात कमी येण्याचा संभव आहे, हे मी लपवत नाही. घरात बसून दोन्ही बाजूंनी विचार करावा आणि मगच ठरवावे. हा निर्णय एकट्या आजोबांनी घेऊ नये, फोनवर का होईना, मुंबईकरांनाही विचारावे.

आंब्याचे तसे नाही. मोहोर आणि हवामान यांवर तोड अवलंबून असल्याने ती सुट्टीच्या बाहेर ढकलता येत नाही. मात्र फळांच्या प्रतीसाठी तोड सकाळी १० पर्यंत आणि पुन्हा दुपारी ४ नंतर करावी अशी शिफारस आहे. ही शिफारस पाळणाऱ्या बागायतदाराला दुपार आपोआप मोकळी मिळते. प्रत्यक्षात ती दलालाच्या फोनात आणि पेट्या भरण्यात जाते. पेट्या भरायच्याच असतील तर मुलांना सोबत घेऊन बसावे. फळे आकाराप्रमाणे वेगळी करणे, पेंढा पसरणे, डझन मोजणे ही कामे आठ-दहा वर्षांचे मूल आवडीने करते, आणि हात कामात असले की मुले मनातले बोलतात. नूतन झेल्याने खालच्या फांदीवरची दोन फळे त्याला देठासह काढू द्यावीत. झाडावर चढवू नये आणि फवारणी चालू असलेल्या बागेत फिरकू देऊ नये.

उरलेले वर्ष मात्र उपनगरातल्या खोलीतच काढायचे असते. तेथे खिडकीतल्या ट्रेमध्ये मेथी पेरावी. तीन-चार दिवसांत उगवते आणि तीन आठवड्यांत भाजीला येते, त्यामुळे मुलाचा धीर सुटत नाही. ट्रेला खाली भोके असावीत, नाहीतर पावसाळ्यात मुळे कुजतात.

त्याहून चांगला उद्योग पावसाच्या नोंदीचा. गावी आजोबांनी सरळ कडांचा, सपाट बुडाचा, निदान ३० सें.मी. उंचीचा डबा उघड्यावर, झाडा-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे, डबा रिता करावा आणि आकडा नातवाला फोनवर सांगावा. नातवाने तो वहीत लिहावा व शेजारी हवामान खात्याच्या सांताक्रूझ वेधशाळेचा त्या दिवशीचा आकडा लिहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी, हे गणित त्याला एकदा करून दाखवावे. २६ जुलै २००५ च्या पावसाची नोंद सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. झाली होती. म्हणजे एका गुंठ्यावर ९४ हजार लिटरहून अधिक! असे आकडे मुले विसरत नाहीत. पुढे ‘खाचरात पाणी किती आहे’, ‘लावणी कधी’ असे प्रश्न तिकडून येऊ लागतात आणि फोन खुशालीच्या दोन वाक्यांवर संपत नाही.

डबा मे अखेरीस, मुले गावी असतानाच त्यांच्या हाताने मांडून घ्यावा. पट्टी ठळक आकड्यांची निवडावी, म्हणजे आजोबांना चष्म्याशिवायही वाचता येईल.