तिजोऱ्या परदेशी, टिपणे शिरापूरची

सात रस्त्यावर भेटणाऱ्या सोलापूरकरास शिरापूर आणि कळमण म्हटले म्हणजे मोहोळ व उत्तर सोलापूर तालुक्यांतील शाळूची दोन गावे आठवतील. परंतु हीच नावे अर्थशास्त्राच्या जगन्मान्य नियतकालिकांतून कित्येक वर्षे छापली जात आहेत, हे त्याच्या कानी क्वचितच गेले असेल.

याचे मूळ १९७१ मध्ये उभ्या राहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय गटात आहे. अनेक राष्ट्रांनी व काही न्यासांनी दरसाल अनुदान द्यावे, त्यावर कृषिसंशोधनाच्या संस्था चालाव्यात आणि निघेल ते ज्ञान सर्वांना खुले असावे, अशी ती तजवीज होती. पुढच्याच वर्षी तिच्यातून हैदराबादजवळ पाटणचेरू येथे, भारत सरकारने दिलेल्या जमिनीवर, कोरडवाहू शेतीसाठी 'इक्रिसॅट' ही संशोधन संस्था निघाली.

१९७५ मध्ये तिने पाहणीसाठी सहा गावे निवडली, त्यांपैकी शिरापूर व कळमण ही दोन. प्रत्येक गावात भूमिहीन मजूर, लहान, मध्यम व मोठे शेतकरी अशी प्रत्येकी १०, म्हणजे ४० घरे. अन्वेषकाने गावातच मुक्काम करावयाचा आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाऊन पेरले किती, विकले किती, उसने कोणाकडून घेतले, मजुरी काय मिळाली, हे टिपून घ्यावयाचे. आणि शिरापुरात तर हे पुरी दहा वर्षे! एका सालच्या पाहणीत दुष्काळ सापडेल, पण दुष्काळानंतर कुटुंब कसे सावरते ते सापडणार नाही. सरकारी अंदाजपत्रके मात्र एका वर्षाची असतात. म्हणून या अनुदानातून विकत घेतलेली खरी चीज मला सवडच वाटते.

अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी तर या गावांतील शेतकऱ्यांपुढे खरे पैसे लावून छापा-काटा मांडला: निर्धास्त ५० रुपये घ्या, अथवा २०० किंवा काहीच नाही, अशी जोखीम पत्करा, मधले पर्यायही होतेच. रक्कम वाढली की बहुतेक जण, गरीब असोत वा सधन, बेताचीच जोखीम घेत. म्हणजे गरीब शेतकरी स्वभावाने भित्रा, हा शहाण्यांचा ग्रह टिकला नाही. पुढे १९९४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी शिरापूर धरून तीन गावांची टिपणे तपासून दाखविले की, एका घरचे उत्पन्न घटले तरी त्याचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही; गावकी बरेचसे सावरून घेते. भूमिहीनांना मात्र हा आधार तोकडा पडतो.

हीच पद्धत १९८० नंतर बुर्किना फासो व नायजर येथे नेण्यात आली. परक्या करदात्याचा पैसा सत्कारणी लागला, यात मला शंका नाही. मात्र ज्यांच्या चुलीपर्यंतचा तपशील लिहून घेतला, त्यांच्या चावडीवर त्यातून निघालेला निष्कर्ष त्यांच्याच भाषेत वाचला जावा, एवढी तरतूद अशा प्रत्येक अनुदानात आधीच असावी.