पोकळ नळी, पोलादी भरवसा

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेकडील दारातून बाहेर पडले की समोर पहाडगंजचा मुख्य बाजार सुरू होतो. नूतन मराठी शाळेमुळे दिल्लीतील मराठी कुटुंबांना हा परिसर चांगला परिचयाचा आहे. अरुंद रस्ता, दुतर्फा दुकाने आणि त्यांतून वाट काढणाऱ्या सायकलरिक्षा, ऑटोरिक्षा व मोटारी, असे येथील नित्याचे दृश्य. या गर्दीत एक वस्तू सर्वत्र हजर असते. मात्र तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. ती म्हणजे पोलादी नळी. सायकलरिक्षाचा सांगाडा नळ्यांचाच. मोटारीच्या दारात दडलेली आडवी दांडी पुष्कळदा नळीचीच असते. ऑटोरिक्षातील सीएनजी सिलिंडर बहुधा नळीपासून घडविलेला असतो आणि त्यातील वायू भूगर्भातून वर येतो तोही नळीतूनच.

पोकळपणाचे बळ

भरीव वस्तू बळकट आणि पोकळ वस्तू कमकुवत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. बांबू मात्र वेगळेच सांगतो. ४० मिलिमीटर बाह्य व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची पोलादी नळी घ्यावी. तेवढ्याच लांबीच्या व तेवढ्याच पोलादाच्या भरीव सळईचा व्यास जेमतेम साडेसतरा मिलिमीटर भरेल. वजन समान असूनही वाकण्याला होणारा नळीचा विरोध सळईच्या सुमारे साडेनऊ पट असतो, आणि कायमची न वाकता ती सळईपेक्षा चौपट भार पेलते. वाकताना मध्यभागातील धातूवर ताण फारसा येत नाही. तो कडेच्या धातूवर येतो. नळीत सारे पोलाद कडेलाच असते. म्हणूनच कमी वजनात अधिक बळ हवे असेल तेथे अभियंते नळीची निवड करतात.

नळ्यांचे प्रमुख प्रकार दोन. पोलादी पट्टी गोल वळवून तिच्या कडा विजेच्या साहाय्याने जोडल्या की जोडाची नळी तयार होते. दुसरा प्रकार सीमलेस, म्हणजे जोडरहित नळीचा. तापवून लाल केलेला भरीव गोल ठोकळा दोन तिरप्या रुळांमधून फिरवत पुढे ढकलला जातो आणि टोकदार खिळा त्याच्या मध्यातून आरपार जातो. १८८० च्या दशकात जर्मनीतील माने्समान बंधूंनी ही रीत शोधून काढली. महाराष्ट्रात अहिल्यानगर, बारामती आणि रायगड जिल्ह्यातील सुकेळी येथे अशा नळ्यांचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांपैकी अहिल्यानगर व बारामती येथील कारखाने चालविणाऱ्या आयएसएमटी कंपनीचे नियंत्रण २०२२ साली किर्लोस्कर फेरसकडे आले.

दारातील पहारेकरी

समोरून धडक बसल्यास मोटारीचा पुढील भाग चुरगळत जातो आणि धडकेची बरीचशी ऊर्जा त्यातच खर्च होते. बाजूने धडक बसते तेव्हा प्रवासी आणि धडकणारे वाहन यांच्यामध्ये केवळ दाराची जाडी असते. म्हणून दाराच्या आत उच्च क्षमतेच्या पोलादाची नळी किंवा पट्टी आडवी बसवितात. धडकेचा भार ती दाराच्या दोन्ही टोकांकडील खांबांवर नेऊन सोडते. आपल्या देशात समोरील व बाजूच्या धडकेची चाचणी नव्या मोटारींसाठी १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विक्रीस असलेल्या मोटारींसाठी १ ऑक्टोबर २०१९ पासून अनिवार्य झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही तारांकन योजनाही लागू झाली असून, त्यामुळे ग्राहकाला खरेदीपूर्वीच गाडीची सुरक्षितता पडताळता येते.

तथापि नळी योग्य जागी नसेल तर तीच घातक ठरते. मोटारीच्या पुढे हौसेने बसविलेले नळ्यांचे चकचकीत 'बुल बार' हे याचे उदाहरण होय. जो भाग चुरगळावा म्हणून बनविलेला असतो, त्याला वळसा घालून हे गार्ड धडकेचा भार थेट सांगाड्यावर टाकते. त्यामुळे एअरबॅगच्या संवेदकांना धडकेचा योग्य अंदाज येण्यातही अडथळा येऊ शकतो. पादचाऱ्याला होणारी इजा अधिक गंभीर होते, ती वेगळीच. याच कारणांस्तव केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या.

सागरतळापासून सिलिंडरपर्यंत

१९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात तेलाचा शोध लावला आणि 'बॉम्बे हाय'चे नाव घरोघरी पोहोचले. तेलविहीर म्हणजे केवळ खोल भोक नव्हे. खोदकाम पुढे सरकते तशी मोठ्या व्यासाच्या नळीत लहान व्यासाची नळी उतरवतात आणि बाहेरील पोकळीत सिमेंट भरतात. या नळ्यांना केसिंग म्हणतात. केसिंगमुळे विहिरीच्या भिंती ढासळत नाहीत आणि निरनिराळ्या थरांतील पाणी, तेल व वायू एकमेकांत मिसळत नाहीत. तेल आणि वायू सर्वांत आतील बारीक नळीतून वर येतात. एवढ्या खोलीवरील दाब, उष्णता आणि गंज यांना सतत तोंड द्यावे लागत असल्याने येथे नळीचा दर्जा हाच सुरक्षिततेचा पाया ठरतो.

मुंबईनजीकच्या समुद्रातील दक्षिण वसई क्षेत्राचा वायू सागरतळावरील नळांतून गुजरातमधील हजिराला पोहोचतो आणि तेथून हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीद्वारे उत्तरेकडे जातो. आयात केलेला वायूही त्यात मिसळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीची सार्वजनिक वाहने टप्प्याटप्प्याने सीएनजीवर आली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातील वायू अशा रीतीने पहाडगंजमधील ऑटोरिक्षेपर्यंत पोहोचला.

तीन वर्षांची तारीख

सीएनजी सिलिंडरमध्ये वायू सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. याचा अर्थ आतील भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे २०० किलोचा भार असतो. म्हणून जोडरहित नळीची टोके तापवून व फिरवून घुमटाच्या आकारात मिटवितात. वेल्डिंगचा जोडच नसल्यामुळे तो उसवण्याची भीती राहत नाही. गंज किंवा सूक्ष्म तडा मात्र काळाच्या ओघात कोठेही निर्माण होऊ शकतो, आणि बाहेरून रंग ताजा दिसत असला तरी तो डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून सिलिंडरची दर तीन वर्षांनी 'हायड्रो टेस्ट' करणे बंधनकारक आहे. सिलिंडरमध्ये पाणी भरून नेहमीपेक्षा बराच अधिक दाब दिला जातो आणि दाब काढल्यावर तो मूळ आकारात परत येतो की नाही, हे मोजले जाते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे चाचणीत सिलिंडर फुटलाच तरी वायूसारखा स्फोट होत नाही. चाचणीची तारीख वाहनावरील पट्टीवर नोंदवितात. ही मुदत उलटली असल्यास पंपावर वायू भरण्यास नकार मिळू शकतो.

ग्राहकांनी काही गोष्टी अवश्य पाळाव्यात. जुने सीएनजी वाहन घेताना इंजिनाइतकेच लक्ष या तारखेकडे द्यावे. सीएनजी किट मान्यताप्राप्त केंद्रातूनच बसवावे, त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात करावी आणि विमा कंपनीला कळवावे. वाहन कर्जावर घेतलेले असल्यास बँकेलाही माहिती देणे इष्ट. पुढेमागे नुकसानभरपाईचा दावा करावा लागल्यास याच नोंदी उपयोगी पडतात. चाचणीला एक दिवस मोडतो आणि थोडा खर्चही येतो. परंतु त्या सिलिंडरशेजारी रोज आपलीच माणसे बसलेली असतात.