आंतरजाल समानता (भारत)

आंतरजाल समानता किंवा नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे आंतरजाल सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या जाळ्यातून जाणाऱ्या सर्व मजकुराला सारखी वागणूक द्यावी, हे तत्त्व होय. त्यानुसार कंपनीला एखादे संकेतस्थळ अडवता येत नाही, त्याचा वेग मुद्दाम कमी-अधिक करता येत नाही किंवा त्यासाठी निराळा दर लावता येत नाही. ही संज्ञा अमेरिकी कायदेतज्ज्ञ टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केली. हे तत्त्व शासनाने नियमांद्वारे लागू करावे की बाजारावर सोपवावे, हा वाद भारतात मुख्यतः २०१४ ते २०१८ या काळात झाला.

पार्श्वभूमी

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. पुढे खासगी कंपन्याही या क्षेत्रात आल्या. त्यांना दूरसंचार विभाग परवाना देतो, तर दरांवर १९९७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची (ट्राय) देखरेख असते. व्हॉट्सॲप, स्काइप यांसारख्या सेवांमुळे आपले उत्पन्न घटेल, अशी चिंता दूरसंचार कंपन्यांना वाटू लागली. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने आंतरजालावरून होणाऱ्या संभाषणासाठी वेगळे शुल्क जाहीर केले व टीकेनंतर काही दिवसांतच ते मागे घेतले. मार्च २०१५ मध्ये ट्रायने या विषयावर मते मागवली, तेव्हा १० लाखांहून अधिक ईमेल आले.

फ्री बेसिक्सचा वाद

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सहा राज्यांत निवडक संकेतस्थळे विनाशुल्क उपलब्ध करून दिली. ही योजना पुढे 'फ्री बेसिक्स' या नावाने ओळखली गेली. डिसेंबर २०१५ मधील एका वृत्तपत्रीय लेखात मार्क झुकरबर्ग यांनी, हवामान व बाजारभाव जाणून घेण्यासाठी ही सेवा वापरणाऱ्या महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे उदाहरण दिले. ज्यांना आंतरजाल परवडत नाही, त्यांना काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळणे चांगले, असा समर्थकांचा युक्तिवाद होता.

विरोधकांचा आक्षेप विनाशुल्क सेवेला नव्हता, तर निवडीच्या अधिकाराला होता. उदाहरणार्थ, नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाला लासलगावचा भाव एकाच संकेतस्थळावर फुकट दिसला, तर तो अन्य ठिकाणचे भाव पैसे खर्चून क्वचितच पडताळील. अशा वेळी त्याने काय पाहावे हे कंपनी ठरवते आणि यादीबाहेरील छोट्या उद्योजकाला ग्राहकापर्यंत पोहोचणे कठीण होते.

दूरसंचार कंपन्यांचे म्हणणे वेगळे होते. ध्वनिलहरींचे परवाने, मनोरे व तारा यांवर मोठा खर्च होतो. म्हणून दर ठरवण्याचे स्वातंत्र्य असावे आणि गैरवर्तन रोखण्यास स्पर्धा पुरेशी आहे, असे त्या मांडत. यावर, लहान गावांत पर्याय मोजकेच असल्याने केवळ स्पर्धेवर विसंबता येत नाही, असे उत्तर नियमनाचे समर्थक देत.

निर्णय

ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी घातली. उल्लंघनासाठी दिवसाला ५० हजार व कमाल ५० लाख रुपये दंड ठेवण्यात आला. आपत्कालीन सेवांना सवलत मिळाली. त्यानंतर फेसबुकने भारतातील फ्री बेसिक्स बंद केले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने केलेल्या शिफारशी शासनाने जुलै २०१८ मध्ये स्वीकारल्या व समानतेची अट परवान्यांतच समाविष्ट झाली. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवांसाठी अपवादाची तरतूद आहे.

अमेरिकेत मात्र २०१५ मध्ये केलेले नियम २०१७ मध्ये रद्द, २०२४ मध्ये पुन्हा लागू आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाकडून रद्दबातल ठरले.

मर्यादा

हे नियम कंपन्यांना बांधतात, शासनाला नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये शासन संकेतस्थळे बंद करवू शकते, तसेच एखाद्या भागातील सेवा तात्पुरती थांबवू शकते. असे आदेश प्रसिद्ध करावेत व ते अनिश्चित काळासाठी नसावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी स्पष्ट केले. त्यामुळे सेवादात्यांवर अंकुश ठेवणाऱ्या शासनावर अंकुश कोणाचा, हा प्रश्न या वादाचा दुसरा भाग मानला जातो.